अठरा सेकंदांचे मोघे

शेवेच्या पुड्यात हात घातला आणि एकच कांडी बाहेर आली, असं कधी झालंय का? आमच्या फॅक्टरीच्या किश्श्यांचं तसंच आहे. एक सांगायला जावं तर चार चिकटून येतात! पंचवीस वर्षं तीच माणसं त्याच गेटमधून आत-बाहेर करत होती, तेच कॅन्टीन, तीच भांडणं. साचणारच की हो! हल्ली मला ते कुणी विचारत नाही, म्हणून मीच धरून धरून सांगतो. बसा.

देवासच्या इंडस्ट्रियल एरियातली आमची फॅक्टरी. नव्वदीच्या सुरुवातीला मी नाशिकहून तिथं परचेसमध्ये लागलो. आम्ही बहुतेक सगळे असेच, नोकरीपायी महाराष्ट्रातून आलेले. मोघे मात्र इथले, धारचे. त्यांचे पणजोबा संस्थानात कारकून होते, आणि वडील अजून एका देवळाची पूजा सांभाळत. मोघ्यांचं मराठीही तसलंच, जुन्या ट्रंकेतलं. वडिलांना पत्र लिहिताना अजून 'तीर्थरूप' आणि 'साष्टांग नमस्कार'! आणि पुढच्याच मिनिटाला गेटवर इंदुरी थाटात ओरडणार, "अरे भिया, धीरे चला ना!"

कारण मोघे आमचे सेफ्टी ऑफिसर होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मोघे देवासला, आणि त्यांच्या पत्नी सुलभावहिनी धारच्या सरकारी कन्याशाळेत शिक्षिका. मध्ये अख्खं इंदूर. बसनं जायला चार तास. मोघ्यांनी शनिवारी हाफ-डे करून पळायचं आणि सोमवारी पहाटे परत निघायचं. इंदुरात घर करावं तर वडील देवळाची पूजा सोडून हलायला तयार नव्हते. वहिनींची बदली देवासला व्हावी आणि रोज संध्याकाळी एका घरात जेवावं, एवढंच त्या माणसाला आयुष्यात हवं होतं. जास्त काही नाही हो!

* * *

फॅक्टरीच्या आत वेगाची मर्यादा वीस. बोर्ड होता, पण बोर्डाकडे कोण बघतो? मोघ्यांनी टेप लावून कॅन्टीनजवळच्या कडुलिंबापासून वजनकाट्यापर्यंत शंभर मीटर मोजले, दोन्हीकडे चुन्याची रेघ मारली आणि हातात स्टॉपवॉच घेऊन उभे राहिले. वीसच्या वेगानं शंभर मीटर जायला अठरा सेकंद लागतात. अठराच्या आत जो पोचला, त्यानं गाडीची चावी गेटवर जमा करायची आणि आठवडाभर गेटपासून शेडपर्यंत पायी जायचं. भर उन्हात सव्वा किलोमीटर!

पहिल्याच आठवड्यात मी सापडलो.

"चौदा सेकंद," मोघे म्हणाले.

"अहो मोघे, माझ्या घड्याळात अठरा झाले!"

"बापट, तुझ्या घड्याळात तू रोज आठच्या आधी येतोस. आमच्या टाइम-ऑफिसला ते अजून दिसलेलं नाही."

दिली बाबा चावी.

* * *

मग एक दिवस खुद्द जी.एम. साहेबांची गाडी आली. नऊ सेकंद! आम्ही सगळे कॅन्टीनच्या खिडकीला चिकटलो. आता मोघे काय करतात? मोघ्यांनी हात आडवा केला. गाडी थांबली. काच खाली आली.

"मोघे, माझी मीटिंग आहे. मी लेट झालोय."

"साहेब, तुमच्याशिवाय मीटिंग सुरू होते का?"

"नाही."

"मग घाई कुणाला आहे?"

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग उतरले आणि चावी दिली. सात दिवस चालले! तिसऱ्या दिवशी त्यांना बॉयलरमागची गळकी पाइपलाइन दिसली, जिच्यावर आम्ही वर्षभर चिठ्ठ्या लिहीत होतो. पाचव्या दिवशी पेंट शॉपमधल्या माणसांना ते नावानं हाक मारायला लागले. आठव्या दिवशी त्यांनी मोघ्यांना बोलावून विचारलं, "पुन्हा पकडलं जायचं असेल तर साधारण किती स्पीड ठेवावा?"

* * *

आमच्या कॅन्टीनमध्ये सगळ्यात मोठा वाद मात्र बाहेरच्या रस्त्याचा. ए.बी. रोड, म्हणजे आग्रा-मुंबई हायवे, तेव्हा देवासच्या पोटातून जायचा. ट्रक, टेम्पो, सायकली, शाळेतली पोरं, सगळं एकाच रस्त्यावर. मोघ्यांचं म्हणणं, गावातून तीसच्या वर कुणी जाऊच नये. ते दर दोन-तीन महिन्यांनी कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायचे. त्यांच्याविरुद्ध प्रॉडक्शनचे पाटणकर. पाटणकर म्हणजे हातात नटबोल्ट असला तरी भाषण देणारा माणूस. "तीस? अरे भिया, तीसनं चाललं तर जवानीत निकललेला माणूस बुढ़ापेत पोचेल! वेग म्हणजे प्रगती!"

मी अर्थातच पाटणकरांच्या पार्टीत. माझी मोटरसायकल नवी होती आणि डोकंही तसं रिकामंच होतं.

शेवटी मोघे म्हणाले, "बापट, एकदा करूनच बघू. फॅक्टरीचं गेट ते बस स्टँड. तू तुझ्या स्पीडनं जा, मी तीसनं येतो."

पाटणकरांनी शिट्टी मारली. मी जो सुटलो! दोन ट्रक कापले, एका म्हशीच्या शेपटीची झुळूक लागली, एका आजोबांनी माझ्या सात पिढ्या काढल्या. बस स्टँडला पोचलो तेव्हा मोघ्यांचा पत्ता नव्हता. जिंकलो! पोह्यांच्या ठेल्याशी कॉलर ताठ करून उभा राहिलो. तीन मिनिटांनी मोघे आपल्या स्कूटरवरून, एखादी लग्नाची पत्रिका द्यायला आल्यासारखे आले.

"किती आधी पोचलास?"

"तीन मिनिटं!" मी म्हटलं.

"काय केलंस त्या तीन मिनिटांचं?"

मी विचार केला. खरं ते सांगितलं. "तुमची वाट बघितली."

मोघे हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "वाट बघणं सोपं नसतं रे." आणि दोन प्लेट पोहे सांगितले.

* * *

हे सोमवार ते शुक्रवारचे मोघे. शनिवारचे मोघे वेगळे! शनिवारी सकाळपासून त्यांचं लक्ष भोंग्याकडे. एकच्या भोंग्याला बॅग खांद्यावर तयार. बॅगेत मुलीसाठी काहीतरी, वहिनींसाठी देवासच्या एका ठराविक दुकानातला पेढा. भोंगा वाजला की आमचे सेफ्टी ऑफिसर गेटपर्यंत पळायचे. वॉचमन मुद्दाम ओरडायचा, "साब, धीरे! बीस का बोर्ड है!"

एका शनिवारी कंपनीची जीप कामासाठी धारला निघाली होती. मीही होतो. मोघ्यांना म्हटलं, चला आमच्याबरोबर, बसपेक्षा तासभर आधी पोचाल. त्यांचा चेहरा असा काही खुलला! पुढच्या सीटवर बसले. ड्रायव्हर केशवभिया, अस्सल माळव्याचा माणूस, मोघ्यांकडून तीनदा पकडला गेलेला.

इंदूर ओलांडलं. रस्ता मोकळा. जीप आपली चाळीसनं.

थोड्या वेळानं मोघे म्हणाले, "भिया, जरा दबाओ ना."

"साब, जीप में आपने खुद कागज़ चिपकाया है। चालीस।"

"हाँ, पर वो... रोड खाली है ना!"

"साब, आपने ही तो सिखाया, रोड खाली हो तब ही आदमी गलती करता है।"

मी मागं तोंड रुमालात घालून बसलो होतो. मोघे दर दहा मिनिटांनी घड्याळ बघायचे, केशवभियाकडे बघायचे, काचेवर चिकटवलेल्या आपल्याच सहीच्या कागदाकडे बघायचे. एका जागी रिकामी बैलगाडी उतारावरून आमच्या पुढं निघून गेली! देवाशपथ! धारला पोचलो तेव्हा ज्या बसनं मोघे नेहमी येत, ती येऊन रिकामी होऊन धुतली जात होती.

घराच्या ओट्यावर वहिनी उभ्या होत्या. मोघे उतरले, आणि जाताना त्यांनी केशवभियाच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. आजपर्यंत एवढी चांगली गाडी कुणी चालवली नाही." आवाज मात्र रडवेला होता.

* * *

त्यांची मुलगी मीनू तेव्हा पहिलीत होती. शाळेत बाईंनी विचारलं, "पिताजी क्या करते हैं?" कुणी सांगितलं डॉक्टर, कुणी दुकान, कुणी खेती. मीनू उभी राहिली आणि म्हणाली, "मेरे बाबा शनिवार को आते हैं।"

हा किस्सा मोघ्यांनीच आम्हाला कॅन्टीनमध्ये सांगितला. आम्ही पोट धरून हसलो. तेही हसले. चहा तसाच ठेवून ते उठून गेले, तेव्हा कुठं आमच्या लक्षात आलं. पाटणकर दिवसभर एकही भाषण न देता कामाला लागले होते.

* * *

आता बदलीचं ऐका. वहिनींनी पहिला अर्ज केला, 'देवास मिळावे'. दोन वर्षांनी ऑर्डर आली. मोघे पेढे घेऊनच कॅन्टीनमध्ये शिरले, पाकीट फोडायचं बाकी. फोडलं. बदली अमझेऱ्याला! धारच्या पलीकडे, देवासच्या बरोबर उलट्या दिशेला. पेढे आणलेच होते, म्हणून आम्ही गुपचूप खाल्ले.

दुसरा अर्ज केला. पुढं तीन वर्षांनी ऑर्डर आली. सरदारपूर! आणखी पुढं. आता वहिनींना तिथं खोली घेऊन राहावं लागलं. मीनूला आजोबांकडे धारला ठेवलं. म्हणजे एक घर तीन गावांत!

पाटणकर म्हणाले, "मोघे, तिसरा अर्ज करा, तिसऱ्यांदा तरी लागेल."

मोघे म्हणाले, "नको. एक अर्ज आणखी केला तर ती गुजरातेत जाईल!"

आम्ही हसलो खरं. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा मोटरसायकल हळू चालवत घरी गेलो. माझी बायको दाराशी कोथिंबीर निवडत बसली होती, रोजच्यासारखी. तिला म्हटलं, "तुला माहितीये का, तू रोज इथं असतेस?" तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

* * *

दोन हजार सालानंतर सगळंच भराभर बदललं. रस्ते रुंद झाले. मोघ्यांचे वडील गेले. मीनू शिकायला पुण्याला गेली. मोघ्यांनी सेकंड-हँड पांढरी कार घेतली. आणि एक दिवस बातमी आली, ट्रॅफिकवाल्यांकडे वेग मोजायची गन आली, कॅमेरेवाली!

मोघ्यांना काय आनंद झाला म्हणून सांगू! "बापट, मी दहा वर्षं जे कडुलिंबाखाली उभं राहून केलं, ते आता सरकार करणार!" पाटणकर चिडले. "माणसावर भरवसा नाही का? झाडामागं लपून फोटो काढायचे, ही काय रीत आहे?" मोघे म्हणाले, "ज्याला लपलेल्या कॅमेऱ्याची भीती वाटते, त्यानं समोरच्या पोराची भीती बाळगावी." त्यावर कॅन्टीनमध्ये टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पाटणकरांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

त्यानंतरच्या तिसऱ्या शनिवारी, धारच्या अलीकडे, त्या गननं पहिल्याच फटक्यात ज्याला पकडलं, ते आमचे मोघे!

शिपाई म्हणाला, "साहब, लिमिट पचास है। आपकी गाड़ी छप्पन पे थी।"

"अट्ठावन," मोघे म्हणाले.

"जी?"

"छप्पन नहीं, अट्ठावन थी। मैं काँटा देख रहा था। आपकी मशीन चेक करवाइए।"

शिपायानं आजवर दोन कमी करून घेणारे पाहिले होते, दोन वाढवून घेणारा पहिलाच! त्यानं विचारलं, "इतनी जल्दी कहाँ जा रहे थे?"

"घर," मोघे म्हणाले. "मिसेस सरदारपुर में रहती हैं।"

सोमवारी मोघ्यांनी स्वतःची चावी स्वतः गेटवर जमा केली आणि सात दिवस पायी चालले. कुणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी पाटणकर स्कूटर गेटवर लावून त्यांच्याबरोबर चालायला लागले. मग मीही. आठवड्याअखेर आम्ही आठ-दहा जण होतो. आज जर कुणी मला म्हणालं, की माग काय मागायचं ते, तर मी तो सव्वा किलोमीटर मागेन. ते ऊन, पाटणकरांची बडबड आणि मध्ये मोघे.

* * *

आणि मग ऑर्डर आली! खरोखरची. वहिनींनी तिसरा अर्ज केलाच होता, मोघ्यांना न सांगता. देवास! गावातली मोठी शाळा. मोघे ते पत्र घेऊन सबंध फॅक्टरी फिरले. सिक्युरिटीला दाखवलं, कॅन्टीनला दाखवलं, पेंट शॉपला दाखवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांच्या क्वार्टरला रंग दिला. माझ्या बायकोनं दाराला तोरण शिवलं.

त्याच महिन्यात कंपनीनं नोटीस लावली. देवासचं युनिट अर्धं बंद. सेफ्टी, मेंटेनन्स आणि आणखी एक-दोन डिपार्टमेंटं नव्या प्लांटला हलणार.

नवा प्लांट धारला होता!

पाटणकर नोटीस बोर्डापुढं उभे राहिले. त्यांनी नोटीस तीनदा वाचली. मी म्हटलं, "मोघे, नोकरी सोडा!" ते म्हणाले, "मीनूचं शिक्षण अजून दोन वर्षं आहे, बापट." वहिनी ट्रकमधून सामान घेऊन देवासला उतरल्या, आणि मोघे त्याच ट्रकमधून आपलं सामान घेऊन धारला गेले. ट्रकवाला म्हणाला, "भिया, ऐसा भाड़ा तो ज़िंदगी में नहीं मिला, दोनों तरफ़ भरी गाड़ी!"

आता वहिनी आमच्या शेजारी राहायच्या. शनिवार तोच राहिला, फक्त वाट बघणारं गाव बदललं. दुपारी चारपासून त्या गॅलरीत. माझी बायको म्हणायची, "वहिनी, या ना चहाला." "येते हो, जरा थांबा, एवढी ती पांढरी गाडी कुठली ते बघते." पांढऱ्या गाड्या काय कमी होत्या त्या रस्त्यावर!

* * *

शेवटचा सांगतो, मग उठा.

मोघ्यांच्या एवढ्या वर्षांच्या अर्जांना अखेर फळ आलं. देवासच्या गावातल्या रस्त्यावर वेगाची मर्यादा किती ठेवायची आणि कॅमेरा लावायचा की नाही, यावर लोकांच्या सूचना ऐकायला ट्रॅफिकचे साहेब येणार होते. रविवारी सकाळी, वहिनींच्याच शाळेच्या हॉलमध्ये. मोघे आदल्या संध्याकाळी धारहून आलेले, पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट. पाटणकर दुसऱ्या रांगेत, भाषण खिशात. सोय बघायला वहिनी आणि दोन शिक्षिका मागं चहाच्या टेबलाशी.

भाषणं सुरू झाली असती तर दिवस गेला असता, म्हणून साहेबांनी सगळ्यांना चिठ्ठ्या वाटल्या. सूचना लिहा, पेटीत टाका. आवाज मोठा म्हणून वाचायला मला उभं केलं.

सगळ्या चिठ्ठ्या हिंदीत. कुणी तीस, कुणी साठ. एकानं लिहिलं, 'पहले गड्ढे भरो।' एका चिठ्ठीत सलग बावीस ओळी होत्या, ती पाटणकरांची हे सही न बघताच कळलं.

मग एक चिठ्ठी मराठीत निघाली. वळणदार अक्षर, फळ्यावर लिहायची सवय असलेल्या माणसाचं. खाली नाव नाही. मी वाचलं:

"शनिवारी दुपारी धारकडून देवासला येणाऱ्या गाड्यांना वेगाची मर्यादा नसावी. सोमवारी पहाटे देवासहून धारकडे जाणाऱ्या गाड्यांना ती वीसची असावी. कॅमेरा लावायचाच असेल तर सोमवारी लावावा."

ज्यांना मराठी येत होतं त्यांच्या नजरा मोघ्यांकडे वळल्या. साहेब भोपाळकडचे, त्यांना काही कळेना. "क्या लिखा है?" मी हिंदीत सांगितलं, कसंबसं. हॉलमध्ये हशा पिकला. साहेबही हसले.

"ये तो मज़ाक है। किसने लिखा?"

मागं वहिनी आमच्याकडे पाठ करून कप पुसत होत्या. कोरडाच कप, पुन्हा पुन्हा.

मोघे उठले. माझ्याजवळ आले, चिठ्ठी हातात घेतली आणि उभ्यानंच वाचली. मग साहेबांकडे वळले.

"मज़ाक नहीं है सर," ते म्हणाले. "मैं इस सुझाव का समर्थन करता हूँ। सेफ्टी ऑफिसर की हैसियत से। लिख लीजिए।"